बीएमआय 37.8 आणि तरी कॅशलेस नाकारलं : इंदूरच्या एका वजनाच्या बायपास ऑपरेशनची पूर्ण केस

ही केस माझ्या नणंदेची, आमच्या ताईंची. त्यांना विचारूनच लिहितेय, त्या म्हणाल्या "नाव नको घालूस, बाकी आकडे-बिकडे सगळं लिही, कुणाच्या तरी कामी येईल". लिहायचं कारण एवढंच की वजनाच्या ऑपरेशनबद्दल बोलताना लोक डॉक्टर कोण, पैसे किती, किती किलो उतरलं यावरच बोलतात, पण इन्शुरन्सची कंपनी नेमकं काय वाचते आणि कुठल्या ओळीवर अडवते हे कुणी सांगत नाही, आणि आमचा सगळा जीव त्याच ओळीत अडकला होता.

ताई 47 वर्षांच्या, सुदामा नगरला राहतात, घरून डबे करतात, दिवाळीला चिवडा-चकल्यांच्या ऑर्डरी. डायबिटीस अकरा वर्षांपासून, बीपी त्याच्या थोडं नंतरचं, गुडघे गेलेले, आणि घोरणं इतकं की भाऊजी वेगळ्या खोलीत झोपायचे. उंची 156 सेंटीमीटर, वजन 92 किलो. म्हणजे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 37.8. साखरेसाठी तीन प्रकारच्या गोळ्या आणि वर रात्रीचं इन्सुलिन, तरी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, 9.4. दुपारी कणीक मळता मळता बसल्या जागी डोळा लागायचा. एकदा गॅस चालू राहिला आणि कढईतलं तेल धूर सोडायला लागलं, शेजारच्या काकू धावत आल्या म्हणून निभावलं. त्यानंतर भाऊजींनीच विषय काढला की आता हे असं चालायचं नाही.

डायबिटीसच्या डॉक्टरांनी आधी स्लीप स्टडी करायला सांगितली. रात्रभर वायरी लावून झोपायचं, झोपेत तासाला किती वेळा श्वास अडतो किंवा कमी पडतो ते मोजतात, त्याला एएचआय म्हणतात. 5 च्या आत नॉर्मल, 30 च्या वर गेला की सिव्हिअर स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार. ताईंचा 34 आला. लगेच सीपॅप मशीन लागलं, झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं. आणि डायबिटीसच्या डॉक्टरांनीच बॅरिअॅट्रिक (वजनाच्या ऑपरेशनच्या) सर्जनकडे पाठवलं.

सर्जनने एंडोस्कोपी केली, त्यात अन्ननलिकेला अॅसिडने सूज आणि छोटा हायटस हर्निया (पोटाचा वरचा भाग छातीकडे सरकलेला) निघाला. म्हणून स्लीव्ह नको म्हणाले. स्लीव्हमध्ये पोटाचा साधारण तीन चतुर्थांश भाग काढून एक अरुंद नळी ठेवतात, त्याने आधीचं अॅसिडिटीचं दुखणं वाढू शकतं. त्यापेक्षा रू-अँ-वाय बायपास, ज्यात वरती पोटाची एक छोटी पिशवी करून ती सरळ पुढच्या आतड्याला जोडतात, हा डायबिटीस आणि अॅसिडिटी दोन्हीला बरा. एंडोस्कोपीतच एच पायलोरी नावाचा जंतू सापडला, त्याचा अँटिबायोटिकचा कोर्स आधी पूर्ण करून घेतला. गुडघ्यांसाठी ज्या पेनकिलर गोळ्या त्या वर्षानुवर्ष खात होत्या त्या कायमच्या बंद, कारण बायपासनंतर त्यांच्यामुळे पोट-आतड्याच्या जोडावर अल्सर होऊ शकतो. हे ताईंना सगळ्यात जड गेलं, ऑपरेशनपेक्षाही.

आता पॉलिसीकडे येते. फॅमिली फ्लोटर, म्हणजे अख्ख्या घराची मिळून एकच, 5 लाखांची, 2019 च्या उन्हाळ्यात घेतलेली, एकही वर्ष खंड न पडता रिन्यू केलेली. प्रपोजल फॉर्ममध्ये भाऊजींनी डायबिटीस आणि बीपी दोन्ही लिहिलं होतं. एजंट तेव्हा म्हणाला होता, "सर शुगर मत लिखो, प्रीमियम बढ़ जाएगा". भाऊजींनी ऐकलं नाही, आणि त्या एका गोष्टीने पुढे आमची किती डोकेदुखी वाचली हे मोजता यायचं नाही. आधीपासूनच्या आजाराचा वेटिंग पिरियड, म्हणजे ज्या काळात त्या आजाराचा खर्च मिळत नाही तो, कधीच संपला होता (2024 पासून तो जास्तीत जास्त तीन वर्षंच ठेवता येतो, आधी चार होता), आणि सलग 60 महिने पूर्ण झाले की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनी "तुम्ही माहिती लपवली" असं म्हणून क्लेम नाकारू शकत नाही, ते पण पूर्ण झाले होते.

बऱ्याच लोकांना वाटतं की वजनाचं ऑपरेशन इन्शुरन्समध्ये बसतच नाही. हे जुनं झालं. 2019 मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे इन्शुरन्स कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, सगळ्या हेल्थ पॉलिसींच्या एक्सक्लुजनची (काय मिळणार नाही त्या कलमांची) भाषा एकसारखी केली, प्रत्येकाला कोड दिला, त्यात लठ्ठपणाचा कोड 06. तुमच्या पॉलिसीच्या कागदात हा कोड शोधा, बहुतेक असतोच. त्यात लिहिलंय की खाली दिलेल्या अटी पूर्ण होत नसतील तरच खर्च मिळणार नाही. म्हणजे उलट बाजूने वाचलं तर अटी पूर्ण झाल्या की या कलमाच्या आधारे अडवता येत नाही. अटी अशा की ऑपरेशन डॉक्टरच्या सल्ल्याने हवं, क्लिनिकल प्रोटोकॉलला धरून हवं, पेशंट 18 वर्षांचा किंवा त्याहून मोठा हवा, आणि बीएमआय 40 किंवा जास्त, नाहीतर 35 किंवा जास्त आणि सोबत चारपैकी एक तरी गंभीर आजार, म्हणजे लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा आजार, कोरोनरी हृदयरोग, सिव्हिअर स्लीप अॅप्निया, किंवा कंट्रोल न होणारा टाइप 2 डायबिटीस. आणि या 35 वाल्या ओळीत अजून एक तुकडा आहे जो घाईत वाचताना सुटतो, की वजन कमी करायचे कमी त्रासाचे उपाय करून झालेले आणि फसलेले हवेत.

इथे एक गोष्ट मला मनापासून खटकते ती लिहूनच टाकते. हे 40 आणि 35 चे आकडे 1991 मध्ये अमेरिकेत ठरलेले. 2022 मध्ये बॅरिअॅट्रिक सर्जनांच्या दोन मोठ्या संस्थांनी, एक अमेरिकेतली आणि एक जागतिक, नवीन गाईडलाइन काढली, त्यात 35 च्या वर असेल तर दुसरा आजार असो-नसो ऑपरेशन सुचवता येतं, आणि आशियाई लोकांसाठी तर 27.5 पासूनच विचार करा असं म्हटलंय, कारण आपल्याकडे कमी वजनातच पोटावर चरबी आणि साखर येते. पण पॉलिसीच्या कागदात आकडा जुनाच. म्हणजे डॉक्टर म्हणतात ऑपरेशनची गरज आहे, आणि ते खरंच असतं, तरी 33-34 बीएमआयवाल्या बाईला कंपनीकडून पैसे मिळत नाहीत. हा अन्याय आहे असंच मला वाटतं. पण क्लेम करताना भांडण गाईडलाइनवर करून उपयोग नाही, जे कलमात छापलंय त्यावरच उत्तर द्यायचं.

तर हॉस्पिटलच्या टीपीए (इन्शुरन्सच्या क्लेमची कामं बघणाऱ्या) डेस्कवरून जानेवारी 2025 मध्ये, संक्रांत झाल्या झाल्या, प्री-ऑथ, म्हणजे ऑपरेशनआधीच कंपनीची मंजुरी मागणारा फॉर्म, गेलं. अॅडमिशनची तारीख पुढच्या आठवड्यातली. ताईंचा ऑपरेशनआधीचा लिव्हर बारीक करायचा डाएट चालू झाला होता, दोन आठवडे जवळजवळ नुसतं प्रोटीन शेक, सूप आणि भाज्या, घरात तिळगूळ आणि गुळाच्या पोळ्या आणि हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका, आणि ताई सगळ्यांना वाटी भरून देतायत आणि स्वतः ताक पितायत. तशात भाऊजींचा फोन, की कंपनीची क्वेरी आलीय. उत्तर गेलं. दोन दिवसांनी मेसेज, कॅशलेस डिनाइड, म्हणजे हॉस्पिटलला परस्पर पैसे द्यायला कंपनीने नकार दिला.

डिनायल लेटर मी अक्षरन् अक्षर वाचलं. दोन कारणं होती. एक, जोडलेल्या कागदांनुसार बीएमआय 34.8, म्हणजे 35 च्या खाली. दोन, वजन कमी करायच्या इतर उपायांचा पुरावा नाही.

34.8 आला कुठून? पूर्ण सेट मागवला तेव्हा कळलं. हॉस्पिटलच्या डेस्कने फाईल फुगवायला एक जुना ओपीडी कागद जोडला होता, दुसऱ्या कुठल्या तरी दवाखान्यातला, त्यावर वजन 89 आणि उंची पाच फूट तीन इंच. पाच-तीन म्हणजे 160 सेंटीमीटर. 89 ला 1.6 च्या वर्गाने भागा, 34.8 येतं. ती उंची कुणी मोजलेली नव्हती, कार्ड बनवताना विचारून लिहिली होती, आणि आपल्याकडे बहुतेक बायका लग्नाच्या बायोडेटात लिहिलेली उंचीच आयुष्यभर सांगतात. चार सेंटीमीटरनी तीन लाखांचा क्लेम अडला. कंपनीच्या डॉक्टरने तोच कागद धरला, प्री-ऑथ फॉर्मवर सर्जनने लिहिलेले 156 आणि 92 बाजूला ठेवले.

मग काय केलं ते सविस्तर सांगते कारण इथेच लोक हात टेकतात.

पहिलं म्हणजे, कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नसतं. पैसे भरून ऑपरेशन करून नंतर रिइम्बर्समेंट मागता येते, आणि दुरुस्त कागद लावून परत प्री-ऑथ पण टाकता येतं. ऑपरेशन प्लॅन्ड होतं, जीव जाण्याची घाई नव्हती, म्हणून तारीख पुढे ढकलून परत टाकायचं ठरवलं. हॉस्पिटलच्या डेस्कवरचा मुलगा म्हणत होता, "मॅडम, एक बार डिनाय हो गया तो मुश्किल है, आप पैसे भर दो, बाद में देख लेंगे". मुलगा चांगला होता, पण त्याच्यासाठी ती दिवसातली विसावी फाईल, आमच्यासाठी एकच.

उंची नव्याने मोजून घेतली. भिंतीला लावलेल्या पट्टीवर, अनवाणी, टाचा-पाठ भिंतीला टेकवून, आणि सर्जनच्या लेटरहेडवर तारीख, वेळ, उंची, वजन, बीएमआय, सही, शिक्का. खाली एक वाक्य लिहून मागितलं की आधीच्या अमुक तारखेच्या कागदावरची उंची पेशंटने सांगितलेली आहे, मोजलेली नाही. डाएटमुळे वजन 90 वर आलं होतं, तरी 156 ला 90 म्हणजे 37 च्या थोडं खालीच, त्यामुळे चिंता नव्हती. पण ज्यांचा बीएमआय 35 किंवा 40 च्या काठावर आहे त्यांनी हे नीट ऐका : ऑपरेशनआधीचा डाएट चालू करण्याच्या आधीचं वजन सही-शिक्क्यासकट कागदावर असू द्या, नाहीतर सर्जनच्याच सांगण्याने कमी केलेलं वजन तुमच्याच विरुद्ध वापरलं जाईल.

दुसरं कारण अवघड होतं. "उपाय फसले" हे सिद्ध कसं करायचं? ताई वर्षानुवर्ष वजनाशी झगडतायत हे अख्ख्या घराला माहीत, पण कंपनीला कागद लागतो. आणि इथे ताईंच्या स्वभावाने तारलं. त्यांच्या डब्यांच्या हिशेबाच्या वह्या असतात, मागच्या पानांवर त्या वजन लिहायच्या, आणि डाएटिशियनच्या चिठ्ठ्या त्याच वहीत खोचलेल्या. सासूबाई आणि मी दोघींनी माळ्यावरून वह्या उतरवल्या. 2021 मध्ये डाएटिशियन, आठ किलो उतरलं, वर्षात नऊ चढलं. मग जिमची पावती, सहा महिन्यांची. 2023 मध्ये सेमाग्लुटाइडची (साखर आणि वजन कमी करणारी) गोळी, डायबिटीसच्या डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनवर डोस वाढवलेला दिसतो आणि नंतर "उलट्या, बंद" असा शेरा. प्रत्येक वेळचं वजन आणि एचबीएवनसी. वहीतली पानं पुरावा म्हणून लावली नाहीत, हाताने लिहिलेली वही कंपनी मानेलच असं नाही, पण त्या वहीवरून तारखा शोधल्या आणि त्या तारखांची प्रिस्क्रिप्शनं, लॅबचे रिपोर्ट, पावत्या गोळा केल्या. लॅबवाले जुने रिपोर्ट परत काढून देतात, मोबाईल नंबर सांगितला की झालं.

मग डायबिटीसच्या डॉक्टरांकडून एक पानी पत्र. ते म्हणाले "काय लिहू सांगा", आणि मी कलमाची झेरॉक्सच समोर ठेवली. त्यांनी कलमाचे शब्द घेऊनच लिहिलं, की टाइप 2 डायबिटीस, तीन गोळ्या आणि इन्सुलिन असूनही अनियंत्रित, आकडे असे असे, सिव्हिअर स्लीप अॅप्निया एएचआय 34, कमी त्रासाचे उपाय अमुक काळात केले आणि वजन टिकलं नाही, म्हणून ऑपरेशनचा सल्ला. "मॉर्बिड ओबेसिटी, सर्जरी अॅडव्हाइज्ड" एवढीच एक ओळ आधीच्या फॉर्ममध्ये होती. फरक बघा. दोन्ही खरंच होतं, पण दुसऱ्या पत्रात कंपनीच्या डॉक्टरला टिक करायला प्रत्येक चौकोन सापडतो.

सगळ्यात वर मी एक कव्हरिंग लेटर लावलं, अटीच्या पुढे कागदाचा पान नंबर, बस. राग, विनवणी, आम्ही किती वर्ष प्रीमियम भरतोय वगैरे काही नाही. तोच सेट कंपनीच्या ग्रीव्हन्स (तक्रारी बघणाऱ्या) ऑफिसरला ईमेल केला आणि हॉस्पिटलकडून नवीन प्री-ऑथ टाकलं. ईमेलमध्ये एक प्रश्न विचारला, की नकार कलमातल्या कुठल्या अटीवर आहे ते लिहून द्या. 2024 च्या मे महिन्यातल्या आयआरडीएआयच्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे क्लेम नाकारायचा तर आधी कंपनीच्या रिव्ह्यू कमिटीची मंजुरी लागते आणि पॉलिसीच्या नेमक्या अटीचा हवाला देऊनच कळवावं लागतं. त्याच सर्क्युलरमध्ये कॅशलेसचा निर्णय एक तासात आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची असं पण आहे, प्रत्यक्षात क्वेऱ्या टाकून वेळ जातो ते वेगळं.

पुढची पायरी पण ठरवून ठेवली होती. ग्रीव्हन्सने काही केलं नाही तर आयआरडीएआयचं तक्रारीचं बीमा भरोसा पोर्टल, आणि त्याच्याही पुढे इन्शुरन्स ओम्बड्समन, म्हणजे कंपनीविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. आपल्या मध्य प्रदेशचं ऑफिस भोपाळला आहे, छत्तीसगडचं पण तेच बघतं. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, फक्त आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते आणि कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जायचं. हे माहीत असलं की फोनवर आवाज आपोआप शांत राहतो.

जावं लागलं नाही. ग्रीव्हन्समधून फोन आला, एक बाई बोलल्या, त्यांनी स्लीप स्टडीची ग्राफवाली पानं मागितली, आमच्याकडे फक्त सारांश लावलेला होता. ती पानं गेली आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मंजुरी आली. सुरुवातीची रक्कम कमी होती, डिस्चार्जला वाढवून मिळाली. एकूण बिल 3 लाख 80 हजारांच्या आसपास, त्यातले साधारण 40 हजार खिशातून, हातमोजे-ड्रेप असल्या न मिळणाऱ्या वस्तू आणि थोडं इकडचं-तिकडचं. खोली घेताना पॉलिसीची मर्यादा बघून घेतली. ताईंना आधी डिलक्स रूम सुचवत होते, पण आमच्या पॉलिसीत खोलीभाडं रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला 5 हजारच, आणि त्याच्या वरची खोली घेतली की नुसता भाड्याचा फरक नाही तर डॉक्टरची फी, ओटीचं बिल त्याच प्रमाणात कापतात. हे काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही.

ऑपरेशन दुर्बिणीने झालं, पोटावर पाच छोटी भोकं. संध्याकाळी सिस्टरने उठवून चालवलं, ताई चिडल्या होत्या पण चालल्या. पायात घट्ट मोजे, पोटात रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन, आणि ते तीन बॉल वर चढवायचं फुंकणीसारखं यंत्र ज्यात खरं तर फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो. खांदा दुखत होता तो ऑपरेशनच्या वेळी भरलेल्या गॅसमुळे, चालल्याने कमी झाला. पण सर्जनने घरी पाठवताना बजावून सांगितलं, की नाडी सतत 120 च्या वर, ताप, दम लागणं, वाढत जाणारं पोटाचं किंवा डाव्या खांद्याचं दुखणं, यातलं काहीही दिसलं तर गॅस म्हणून घरी बसायचं नाही, सरळ इमर्जन्सी, कारण जोड गळत असेल तर अशीच सुरुवात होते. आम्ही हे मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवलं आणि नाडी बघायला ऑक्सिमीटर उशाशी.

घरी आल्यावरचे पहिले दोन आठवडे फक्त पातळ. खोकल्याच्या औषधाचं जे छोटं मापाचं झाकण येतं ना 15 मिलीचं, त्यानेच प्यायचं. दर काही मिनिटांनी एक झाकण, दिवसभर, दीड लिटर व्हायला हवं. नारळपाणी, साय काढलेलं ताक, वरणाचं वरचं पाणी, प्रोटीन पावडर पाण्यात. ताईंचं म्हणणं, भूक लागत नाही पण तोंडाला काहीतरी हवं असतं. ज्या बाईचं आयुष्य दुसऱ्यांना खाऊ घालण्यात गेलं, तिच्या घरात फोडणीचा वास येतोय आणि हातात झाकणभर पाणी. दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी त्या खूप रडल्या, "मी हे का करून घेतलं" म्हणाल्या. डाएटिशियनला फोन केला तर ती म्हणाली हे खूप जणांना होतं, हॉर्मोन्स, कमी कॅलरी, सगळं मिळून, दोन-तीन आठवड्यांत हलकं होतं, नाही झालं तर सांगा. हे आधी माहीत असतं तर घर एवढं घाबरलं नसतं, म्हणून लिहितेय.

साखर मात्र थक्क करणारी. वजन उतरायच्या आधीच, पहिल्या आठवड्यातच, सकाळची साखर 130 च्या खाली. इन्सुलिन बंद, साखर झपकन पाडणारी गोळी बंद, फक्त मेटफॉर्मिन राहिलं. हे डॉक्टरांनी केलं, घरी कुणी स्वतःच्या मनाने करू नये. बीपीची गोळी पण अर्धी करावी लागली, पूजेला उठताना चक्कर आली म्हणून.

दोन आठवड्यांनी मऊ गरगट्ट, मुगाचं वरण, मिक्सरमधून काढलेलं पनीर, दही. नियम असा की आधी प्रोटीन, जेवताना पाणी नाही, पाणी अर्धा तास नंतर, आणि वाटी आमटीची छोटीच. एकदा उपमा घाईत खाल्ला, पाच-सहाच घास, आणि छातीत अडकल्यासारखं होऊन उलटी. उलट्या चालूच राहिल्या तर थायमिनची कमतरता होऊ शकते, तेव्हा एक-दोन दिवसांच्या वर ओढायचं नाही, डॉक्टरला सांगायचं. ताईंना एकदाच झालं.

मार्चमध्ये रंगपंचमी आली, राजवाड्याची गेर (रंगांची मिरवणूक), घरात पाहुणे. कुणीतरी प्रेमाने जिलबीचा तुकडा तोंडात घातला, "एवढ्याने काय होतंय". पंधरा मिनिटांत घाम, धडधड, पोटात मुरडा, ताई आडव्या. डंपिंग म्हणतात याला, बायपासमध्ये साखर थेट आतड्यात उतरते म्हणून. अर्ध्या तासात बरं वाटलं, पण त्यानंतर पाहुण्यांना आग्रह न करायचं सासूबाईंनी अंगावर घेतलं, आणि आमच्या घरात आग्रह बंद होणं म्हणजे फार मोठी गोष्ट. त्याच आठवड्यात टिर्झेपेटाइडचं, वजन आणि साखर कमी करणारं, इंजेक्शन भारतात आलं आणि जो तो ताईंना सांगायला लागला की थोडं थांबायला हवं होतं. ताईंच्या सर्जनचं आणि डायबिटीसच्या डॉक्टरचं दोघांचंही म्हणणं, ते औषध चांगलं आहे पण बंद केलं की वजन बरंचसं परत येतं, आणि दर महिन्याचा तो खर्च पॉलिसीतून मिळत नाही. ज्याचं त्याने बघावं, पण आजारी माणसाच्या तोंडावर असं बोलू नये.

पोस्ट-हॉस्पिटलायझेशनच्या, म्हणजे डिस्चार्जनंतरच्या खर्चाच्या, क्लेमबद्दल एक कामाची गोष्ट. ऑपरेशननंतर मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम सायट्रेट, लोह, डी, बी12, आणि पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने उर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिड. पॉलिसीत एक्सक्लुजन 14 आहे, की व्हिटॅमिन वगैरे मिळणार नाहीत, पण पुढे लिहिलंय, डॉक्टरने हॉस्पिटलच्या क्लेमचा भाग म्हणून लिहून दिले असतील तर मिळतात. म्हणून डिस्चार्ज समरीवरच प्रत्येकाचं नाव, डोस आणि कालावधी लिहून घेतला. पॉलिसीत दिलेल्या मुदतीतली सगळी बिलं मिळाली. प्रोटीन पावडर नाही मिळाली.

चौथ्या महिन्यात केस गळायला लागले, वेणी अर्धी झाली. ताईंनी आरसा टाळायला सुरुवात केली. वजन झपाट्याने उतरलं की होतं हे, प्रोटीन आणि लोह नीट असेल तर परत येतात, आले पण, सातव्या-आठव्या महिन्यात कपाळापाशी बारीक नवीन केस. प्रोटीनचा दिवसाचा 60-70 ग्रॅमचा आकडा गाठणं शाकाहारी घरात सोपं नाही, ताईंनी स्वतःच बेसन-पनीरची धिरडी, सोयाबीन मिसळलेलं थालीपीठ असलं काय काय बसवलं, आता तेच डब्यात पण मागतात लोक.

वर्षभराने वजन 65. एचबीएवनसी 6.1. सीपॅप मनाने काढलं नाही, परत स्लीप स्टडी करून, एएचआय 4 आल्यावरच बंद केलं. भाऊजी परत त्याच खोलीत झोपतात. पोटाची आणि दंडाची कातडी लोंबते, तिचं ऑपरेशन कंपनी कॉस्मेटिक म्हणून धरते, त्यामुळे ताईंनी तो विषय बाजूला ठेवलाय. आता वर्षातून एकदा रक्ताच्या तपासण्या, बी12, लोह, डी, कॅल्शियम, पॅराथॉर्मोन, हे जन्मभर, आणि यावेळी लोह थोडं कमी आलं म्हणून डोस वाढवलाय. रिन्युअल पुढच्या महिन्यात आहे, मागच्या सगळ्या कागदांच्या फाईलमध्ये ऑपरेशनची डिस्चार्ज समरी आणि कंपनीचं मंजुरीपत्र सगळ्यात वर लावून ठेवलंय.